वीटभट्टीवरील स्त्रीचे आरोग्य
पावसाळा सरताच अनेक कातकरी कुटुंबे मालकाकडून उचल घेऊन भिवंडी तालुक्यातील वीटभट्ट्यांवर येतात. तेथे पती-पत्नी दोघेही राबतात, परंतु हजार विटांमागे ठरलेल्या दराचा हिशेब जोडप्याचा होऊन रक्कम बहुधा पुरुषाच्याच हाती पडते, स्वतःच्या आहार-औषधासाठी पैसा स्त्रीजवळ राहत नाही, आणि तिच्या अनारोग्याचे एक मूळ मला येथेच दिसते. राज्यातील 15 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांपैकी सुमारे 54 रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. गर्भवतीने लोहाची गोळी 180 दिवस घ्यावी, असा शासनाचा दंडक असला, तरी गाव सुटताच तिची नोंद मागे राहते व उपचार खंडित होतो. भट्टीमालकांनी मजुरीच्या दप्तरात स्त्रीचे नाव स्वतंत्रपणे दाखल करावे, आणि उपचार चालू राहावा म्हणून आशा कार्यकर्तीस भट्टीवर येण्यास मज्जाव करू नये.