फणसाच्या ओंडक्यापासून वीणेपर्यंत : तंजावूरच्या घरगुती कारखान्यांतील सुतारकाम

तामिळनाडूतील तंजावूर हे शहर बृहदीश्वर मंदिर, सरस्वती महाल ग्रंथालय आणि भोसले घराण्याची राजवट यांमुळे मराठी वाचकांना परिचित आहे. याच शहरात सुतारकामाची हत्यारे घरीच मांडून वीणा घडविणारी कुटुंबेही पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. सुट्टीच्या दिवशी घरी रंधा-करवत हाती घेण्याचा छंद अनेकांना असतो. अशा हौशी मंडळींना तंजावूरच्या वीणेकडून लाकडाविषयी बरेच शिकता येण्याजोगे आहे. वीणा विकत घेणाऱ्यालाही तिची किंमत नेमकी कशात दडली आहे, याचा उलगडा तिच्या घडणीतून होतो.

तंजावूरच्या वीणेला २०१३ मध्ये भौगोलिक निर्देशनाची नोंदणी मिळाली. वाद्याला असा मान मिळण्याचे हे देशातील पहिले उदाहरण मानले जाते. नाव सुरक्षित झाले, तरी ते नाव ज्या हातांमुळे मिळाले ते हात टिकतील काय, हा प्रश्न मात्र उरतोच.

राजदरबारापासून घराच्या पडवीपर्यंत

वीणेचे आजचे रूप सतराव्या शतकात तंजावूर येथे निश्चित झाले, असे परंपरा मानते. नायक घराण्यातील राजा रघुनाथ आणि त्याचे मंत्री गोविंद दीक्षितर यांच्या काळात वीणेवर चोवीस पडदे कायमचे बसविण्यात आले. त्यापूर्वी राग बदलला की पडदे सरकवावे लागत. बारा स्वरस्थानांचे एक सप्तक, अशी दोन सप्तके चोवीस पडद्यांत मावतात. त्यामुळे कोणताही राग एकाच वाद्यावर, पडदे न हलविता वाजविता येऊ लागला. गोविंद दीक्षितरांचे पुत्र वेंकटमखी यांनी पुढे बहात्तर मेळांची मांडणी केली.

इसवी सन १६७० च्या दशकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावूर येथे भोसले घराण्याची सत्ता स्थापन केली. ही राजवट १८५५ पर्यंत टिकली. राजे तुळजाजी पहिले यांनी 'संगीत सारामृत' हा संस्कृत ग्रंथ रचला. १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या सरफोजीराजे दुसरे यांच्या पदरी अनेक गायक-वादक होते. त्यांच्याच काळात, १८०३ साली, भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा विस्तृत मराठी शिलालेख बृहदीश्वर मंदिरात कोरण्यात आला. राजाश्रय होता तेथे वादक होते, आणि वादक होते तेथे वाद्य घडविणारे व दुरुस्त करणारे कारागीरही हवेच होते. राजवट संपली, तरी हे कसब कारागिरांच्या घरांत टिकून राहिले.

फणसच का?

तंजावूरची वीणा फणसाच्या लाकडाची असते. मृदंगाचे खोडही फणसाचेच असते. कोकणातील वाचकांना हे लाकूड दारे-खिडक्या, पाट आणि घरातील फर्निचर यांमुळे ठाऊक आहे. ताजे कापलेले लाकूड पिवळेजर्द दिसते आणि काळाच्या ओघात ते तपकिरी-तांबूस होत जाते. वाळवी आणि बुरशी यांना ते बऱ्यापैकी दाद देत नाही. कोरण्यास ते फार कठीण नाही आणि फार ठिसूळही नाही. पातळ केल्यावरही ते बळकट राहते. वाद्याला नेमके हेच गुण लागतात.

वीणेसाठी लागणारे लाकूड मुख्यत्वे कडलूर जिल्ह्यातील पणरुटी परिसरातून येते. हा भाग फणसाच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. लहान वयाचे झाड वीणेच्या कामी येत नाही. कोरून पोकळ करता येईल एवढा घेर आणि पक्के गाभ्याचे लाकूड मिळण्यासाठी झाड अनेक दशके वाढलेले असावे लागते. डिसेंबर २०११ मध्ये आलेल्या 'थाने' चक्रीवादळाने याच किनाऱ्यावर धडक दिली, तेव्हा काजूच्या बागांबरोबरच फणसाची जुनी झाडेही मोठ्या प्रमाणावर उन्मळून पडली. अशा झाडाची जागा नवे रोप घेईपर्यंत कारागिराची एक पिढी सरते.

एकसंध आणि जोडलेली वीणा

वीणा साधारणपणे चार फूट लांब असते. तिचे मुख्य भाग तीन. पहिला भाग म्हणजे घडा; तामिळमध्ये त्याला कुडम म्हणतात. दुसरी दांडी आणि तिसरे याळीचे मुख. याळी म्हणजे आपल्याकडील मंदिरांच्या शिल्पांत आढळणारा व्याल. हे तिन्ही भाग वेगवेगळे घडवून जोडले तर साधी वीणा होते. एकाच ओंडक्यातून कोरून काढले तर ती एकांड वीणा. एकांड वीणा अधिक मोलाची मानली जाते, कारण तिच्यात सांधा नसतो. अर्थात तिच्यासाठी लागणारा ओंडकाही मोठा आणि निर्दोष असावा लागतो. कोरताना मध्येच गाठ किंवा चीर निघाली, तर तोवरची सारी मेहनत वाया जाते.

काम वाकसाने ओंडका तासण्यापासून सुरू होते. घड्याचा बाहेरचा गोलवा आधी येतो, मग गोल पटाशीने आतील लाकूड काढून भिंती पातळ केल्या जातात. दांडीही आतून पोकळ केली जाते. घड्याच्या तोंडावर पातळ फळी बसते. ही फळी तारेच्या कंपनांनी थरथरते आणि आतील हवेला ध्वनी देते. भिंत जाड राहिली तर आवाज दबतो. अती पातळ झाली तर तारांच्या ताणाखाली वाद्य टिकत नाही. या दोहोंमधील मर्यादा बोटांनी आणि कानांनी ओळखली जाते. कारागीर लाकडावर टिचकी मारून नाद ऐकतो आणि आणखी किती काढायचे ते ठरवितो. एक वीणा पूर्ण होण्यास साधारण पंधरा ते वीस दिवस लागतात. लाकूड वाळण्याचा काळ यात धरलेला नाही.

दांडीच्या खाली डाव्या बाजूस दिसणारा लहान भोपळा मुख्यतः वीणा मांडीवर टेकविण्याच्या सोयीसाठी असतो. तो आता बहुधा कागदाच्या लगद्याचा किंवा फायबरचा असतो. पूर्वी घड्यावरील नक्षीसाठी हस्तिदंत वापरीत. वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला आणि त्याची जागा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी घेतली. आवाजात त्यामुळे काही उणे आले नाही, कारण नक्षीचा नादाशी संबंध नव्हता.

मेणावर उभे असलेले पडदे

लाकूडकाम संपल्यावर वीणा अजून मुकीच असते. दांडीच्या दोन्ही कडांवर मेण आणि कोळशाची पूड यांच्या काळ्या मिश्रणाच्या भिंती उभारल्या जातात. त्यांवर चोवीस धातूचे पडदे बसतात. वाजविण्याच्या तारा चार, तर तालासाठी बाजूला तीन, अशा एकूण सात तारा असतात.

पडदे बसविण्याचे काम कानाने होते. तारेच्या जवळपास निम्म्यावर बारावा पडदा येतो, म्हणजे तेथे वरच्या सप्तकातील षड्‌ज मिळतो. मधली अकरा स्थाने पट्टीने मोजून पुरेशी अचूक येत नाहीत, कारण तार दाबताच तिचा ताण किंचित वाढतो. म्हणून मेण मऊ असताना प्रत्येक पडदा थोडा थोडा सरकवून स्वर जुळवितात. उष्णतेने आणि वापराने मेण झिजते, पडदे हलतात आणि काही वर्षांनी हे काम पुन्हा करावे लागते. वीणा विकली गेली तरी कारागिराचा आणि वादकाचा संबंध संपत नाही, तो यामुळेच.

तारा ज्यावर टेकतात त्या भागास तामिळमध्ये कुदिरै, म्हणजे घोडा, म्हणतात. मराठीत आपण त्यालाच घोडी म्हणतो. वीणेच्या घोडीवर किंचित वक्र अशी धातूची पट्टी असते. तिरुचिरापल्ली येथे जन्मलेले शास्त्रज्ञ चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तानपुरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तारेला ज्या बिंदूवर छेडावे, त्या बिंदूवर ज्यांचे कंपन शून्य असते असे उपस्वर उमटू नयेत, असा तोवरचा नियम होता. या वाद्यांत मात्र तेही उमटतात, असे रामन यांना आढळले. रुंद आणि वक्र घोडीला तार हलकेच घासत राहते, हे त्यामागील कारण. कारागिरांच्या कानांना ही गोष्ट आधीपासून ठाऊक होती. विज्ञानाने तिचे स्पष्टीकरण दिले.

मिरजेचे साम्य

महाराष्ट्रातील वाचकांना या संदर्भात मिरज आठवेल. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांनी तेथे तंतुवाद्ये घडविण्यास प्रारंभ केला. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. दोन्ही ठिकाणच्या कामात एक मूलभूत फरक आहे. मिरजेच्या तानपुऱ्याचा भोपळा शेतात पिकतो. पंढरपूर-मंगळवेढा भागातील भोपळे त्यासाठी वाळविले जातात. तंजावूरचा घडा मात्र लाकडातून कोरावा लागतो. मिरजेत निसर्ग देतो ती पोकळी तंजावूरला हाताने निर्माण करावी लागते. दोन्हीकडे घाई मात्र चालत नाही. ओला भोपळा आणि ओले लाकूड, दोन्ही नंतर दगा देतात.

घरी करून पाहण्याजोगे

हौशी सुताराने वीणा घडविण्याचा विचार करू नये. त्यासाठी वर्षानुवर्षांची उमेदवारी लागते. परंतु तिच्यामागील तत्त्वे दोन-तीन सुट्ट्यांत अनुभवता येतात.

पहिले तत्त्व लाकूड वाळविण्याचे. लाकूड वाळताना लांबीत जवळजवळ आटत नाही, रुंदीत आटते. त्यातही वार्षिक वलयांच्या दिशेने होणारी आट ही गाभ्याकडून सालीकडे होणाऱ्या आटीच्या साधारण दुप्पट असते. ओला ओंडका तडकतो तो या फरकामुळेच. हवेत वाळविताना जाडीच्या प्रत्येक इंचास साधारण एक वर्ष, हा सुतारांचा ढोबळ हिशेब आहे. वखारीतून फळी घेतल्यावर तिच्या रुंदीवर पेन्सिलने दोन खुणा कराव्यात आणि त्यांतील अंतर दर महिन्यास मोजावे. अंतर स्थिर झाले की फळी कामास योग्य झाली असे समजावे.

दुसरे तत्त्व पोकळीचे. सुमारे एक फूट लांब व चार इंच रुंद असा वाळलेला ठोकळा शिकंज्यात पक्का धरावा. गोल पटाशीने तो आतून कोरावा आणि चहूबाजूंस अर्धा इंच भिंत ठेवावी. तोंडावर तीन मिलिमीटर जाडीची फळी सुतारकामाच्या गोंदाने चिकटवावी. एका टोकास दांडी व खुंटी, वर एक लहान घोडी आणि एक पोलादी तार बसविली की साधी एकतारी तयार होते. फळी चिकटविण्यापूर्वी तिच्यावर टिचकी मारून आवाज ऐकावा, ती रंध्याने किंचित पातळ करावी आणि पुन्हा ऐकावा. नादातील बदल कानाला लगेच जाणवतो. पटाशी नेहमी शरीरापासून दूर चालवावी आणि मोकळा हात तिच्या पात्यासमोर कधीही ठेवू नये. घासकाम करताना नाकावर मास्क असावा.

नावाचे संरक्षण आणि हातांचे भवितव्य

भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ मध्ये संमत झाला आणि २००३ मध्ये लागू झाला. नोंदणी दहा वर्षांसाठी असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. अन्यत्र घडलेली वीणा 'तंजावूर वीणा' या नावाने विकण्यास हा कायदा प्रतिबंध करतो. मात्र लाकूड मिळवून देणे, रोजची कमाई वाढविणे किंवा पुढच्या पिढीला या कामात रोखून धरणे त्याच्या कक्षेत येत नाही. मुले शिकून अन्य नोकऱ्यांकडे वळतात, अशी खंत कारागीर व्यक्त करतात, आणि त्यात मुलांचा दोष काढता येणार नाही. हे काम अंगमेहनतीचे आहे, शिकण्यास दीर्घ काळ लागतो आणि मिळकत त्या प्रमाणात वाढत नाही.

या कामातील सर्वांत महाग गोष्ट वेळ आहे. झाड वाढण्याचा वेळ, लाकूड वाळण्याचा वेळ आणि हाताला अंदाज येण्याचा वेळ, यांपैकी एकही यंत्राने वाचविता येत नाही. ग्राहक किमतीत घासाघीस करतो, तेव्हा कपात होते ती याच वेळेत. कमी वाळलेले लाकूड वापरले जाते, भिंत जाड सोडली जाते, पडदे घाईने बसविले जातात. वाद्य दिसायला तेच राहते. दोन पावसाळ्यांनंतर फरक ऐकू येऊ लागतो.

घरी एक ठोकळा कोरून पाहिलेल्या माणसाला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही. तंजावूरच्या वीणेला जाणकार वादकांची जितकी गरज आहे, तितकीच लाकूड जाणणाऱ्या अशा ग्राहकांचीही आहे.