औष्णिक वेगनियमन
औष्णिक वेगनियमन, अर्थात थर्मल थ्रॉटलिंग, म्हणजे तापमान ठरावीक मर्यादेपर्यंत पोहोचल्यास संगणकाच्या प्रोसेसरने स्वतःचा वेग आपोआप कमी करणे होय. हा बिघाड नसून संरक्षणाची तरतूद आहे. इंटेलच्या २००० साली आलेल्या पेंटियम ४ मध्ये ती अंगभूत होती. याच कंपनीच्या अनेक कोअर प्रोसेसरांत ही मर्यादा १०० अंश सेल्सियस असते.

भारी गेम चालू असताना प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड दोन्ही दीर्घकाळ तापतात. लॅपटॉपमध्ये दोहोंची उष्णता बहुधा सामाईक नळ्यांवाटे बाहेर जाते. त्यामुळे गेम पहिली काही मिनिटे सुरळीत चालतो आणि मग अडखळू लागतो.

निदानासाठी गेम चालू असतानाच तापमान व क्लॉकचा वेग एकत्र पाहावा. नुसते तापमान पाहून काही सिद्ध होत नाही. तापमान मर्यादेला टेकताच वेग घसरत असेल, तर पंख्यातील धूळ, वाळलेली थर्मल पेस्ट किंवा गादीवर ठेवल्याने झाकलेले झरोके ही नेहमीची कारणे होत. तापमान कमी असूनही वेग घसरल्यास कमी क्षमतेचा चार्जर, वीजबचतीची सेटिंग किंवा उत्पादकाने घातलेली वीजमर्यादा तपासावी. हे पाहण्याआधीच नवा प्रोसेसर विकत घेणे व्यर्थ होय, कारण शीतन अपुरे असल्यास तोही मंदावतो.