मूक झालेली कळ

हौशी रेडिओच्या, म्हणजेच हॅम रेडिओच्या, जगात प्रत्येक पुरुष 'ओल्ड मॅन' असतो. नुकताच परवाना मिळालेला महाविद्यालयीन विद्यार्थी असो वा सत्तरी ओलांडलेला निवृत्त अभियंता, समोरचा त्याला 'ओएम' या दोन अक्षरांनीच संबोधतो. आपल्याकडे वयाचा आणि नात्याचा अंदाज घेतल्यावाचून संबोधन ठरत नाही. अरे-तुरे की अहो-जाहो, हा प्रश्न आधी सुटावा लागतो. येथे तो उद्भवतच नाही. चेहरा दिसत नाही, हुद्दा कळत नाही. कळतो तो आवाज आणि सरकारने परवान्याबरोबर दिलेले ओळखचिन्ह, ज्याला 'कॉल साइन' म्हणतात. अशा मैत्रीतला एखादा सोबती निवर्तला की तो 'सायलेंट की' झाला, असे म्हणण्याची प्रथा जगभर आहे. संदेश पाठविणारी त्याची कळ मूक झाली, एवढाच त्याचा अर्थ.

भारतात या मैत्रीचा आरंभ कोलकात्यात झाला. वास्तविक बिनतारी लहरींशी या शहराचे नाते त्याहूनही जुने. जगदीशचंद्र बसू यांनी १८९५ मध्ये येथील टाऊन हॉलमध्ये अदृश्य लहरी भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजवून दाखविली होती. पुढे १९२१ मध्ये अमरेंद्रचंद्र गुप्तू हे '२ जेके' या चिन्हाने प्रक्षेपण करू लागले आणि पहिले भारतीय हॅम ठरले. त्याच वर्षी मुकुल बोस '२ एचक्यू' हे चिन्ह घेऊन त्यांना येऊन मिळाले, आणि देशातील पहिला दुतर्फा हौशी संवाद घडला. इतिहासात पहिल्या क्रमांकाचा मान मोठा. पण या छंदापुरता तरी दुसऱ्याचा मान कमी मानता येणार नाही. बोस आले नसते तर गुप्तूंच्या हाकेला या देशातून ओ मिळाली नसती.

या दोन मित्रांची आठवण आज हौशी मंडळींत निघते ती बहुधा चिन्हांसह, '२ जेके' आणि '२ एचक्यू' अशीच. पुढे १९२९ मध्ये भारतासाठी 'व्हीयू' हे आद्याक्षर लागू झाले आणि जुनी चिन्हे मागे पडली. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा नवे परवाने थांबले व होती ती प्रक्षेपणयंत्रे पोलिसांच्या स्वाधीन करण्याचे लेखी आदेश निघाले. एका हुकमासरशी सर्वच कळा मूक झाल्या. (मुंबईचे हौशी नरिमन प्रिंटर यांचे तंत्रज्ञान १९४२ मध्ये उषा मेहता व त्यांच्या सहकाऱ्यांच्या गुप्त काँग्रेस रेडिओच्या कामी आले, तो मात्र स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

न पाहिलेला मित्र ओळखायचा कसा? मोर्सच्या कट्ट-कडकट्टमध्ये प्रत्येकाचा 'हात' निराळा असतो. कोणाची रेघ किंचित लांब, कोणाची टिंबे घाईची. मुरलेला रोखपाल नमुना सही न पाहताच जुन्या खातेदाराची सही ओळखतो, तशी ही ओळख. शिवाय प्रत्येक संवादाची नोंद लॉगबुकात होते: तारीख, वेळ, कंप्रता, समोरच्याचे चिन्ह. मग टपालाने 'क्यूएसएल कार्ड' येते. संवाद झाल्याची ती जणू पोचपावतीच. निवर्तलेल्या हॅमच्या घरी अशा कार्डांचे गठ्ठे सापडतात. घरच्यांना त्यांतले एकही नाव परिचयाचे नसते, आणि बातमी कोणाला कळवावी, हेही उमगत नाही.

दूरच्या मित्राची अवस्था तर याहून अवघड. ठरलेल्या वेळी ठरलेल्या कंप्रतेवर आवाज आला नाही, तर कारण कोणते समजावे? आजारपण, बदली, की मोडलेली अँटेना? २० मे २०२० रोजी अम्फान चक्रीवादळ बंगालवर आदळले, तेव्हा कोलकात्याच्या अनेक भागांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलही ठप्प होते. त्यात महासाथीचे ते दिवस. एखादे परिचित चिन्ह ऐकू आले नाही म्हणजे वादळात तारा तुटल्या की माणूसच गेला, हे दूर बसलेल्याने कसे ओळखावे? मोर्समध्ये संवाद संपविण्याची खूण तीन टिंबे, रेघ, टिंब, रेघ अशी असून ती 'एसके' म्हणून ओळखली जाते. 'सायलेंट की'ची आद्याक्षरेही तीच. परंतु जाणारा नेहमीच ती खूण देऊन जात नाही.

कोलकात्यातील आजच्या हौशी मंडळींनी मात्र या ऐकण्याच्या सवयीला निराळेच काम दिले आहे. मकर संक्रांतीला सागर बेटावर गंगासागर मेळा भरतो. देशभरातून आलेल्या गर्दीत अनेक वृद्ध आपल्या माणसांपासून दुरावतात. अंबरीश नाग विश्वास यांच्या पश्चिम बंगाल रेडिओ क्लबचे सदस्य तेथे संच घेऊन बसतात. ज्याला पूर्ण पत्ता सांगता येत नाही, अशा वृद्धाशेजारी बसून ते त्याचे बोलणे ऐकतात. गावाचे अर्धवट नाव, मुलाचे टोपणनाव, बोलीतला एखादा अनोळखी शब्द, जे हाती लागेल ते टिपून इतर राज्यांतील हॅम मित्रांना कळविले जाते. हे काम मेळा आटोपला म्हणून संपत नाही. वाट चुकून रुग्णालयात वा रस्त्यावर पोहोचलेल्या कितीतरी जणांची घरे याच रीतीने सापडली आहेत.

पलीकडून ती बोली ओळखणारा हॅम बहुधा कोलकात्याच्या हॅमला कधी भेटलेला नसतो. त्याने गावाचे नाव सांगितले की इकडून 'थँक्यू, ओल्ड मॅन' असे उत्तर जाते. दोघे एकमेकांना '७३' म्हणतात. शुभेच्छांसाठी तारायंत्राच्या काळापासून चालत आलेला हा अंक. त्यानंतर हेडफोन लगेच उतरत नाहीत. त्याच कंप्रतेवर आणखी कोणी हाक देत आहे का, ते ऐकत दोघेही काही वेळ बसून राहतात.