पाकिटातली भुकटी, थुंकीतला जंतू

कॅलिफोर्नियातली लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळा १९५२ साली उभी राहिली ती हायड्रोजन बॉम्बसारख्या अस्त्रांसाठी. क्षयरोगाशी तिचं काही देणंघेणं असायचं कारण नव्हतं. पण १९९०नंतर तिथे ॲलन नॉर्थ्रप एका भलत्याच प्रश्नाच्या मागे लागले होते: पीसीआरला इतका वेळ का लागतो?

पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती वाढवण्याची युक्ती. ती कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचली होती. डीएनए ९५ अंशांना तापवला की त्याच्या दोन पट्ट्या सुटतात. तापमान खाली आणलं की प्रत्येक पट्टीवर नवी जोडीदार पट्टी विणली जाते. एकाचे दोन, दोनाचे चार. ३० फेऱ्यांत १०० कोटींच्या वर. मूठभर जंतूही मग लपू शकत नाहीत.

गोम तापवण्यात होती. नमुना थेंबभर, आणि त्यासाठी धातूचा अख्खा ठोकळा तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा. घोटभर चहासाठी लग्नातला हंडा चुलीवर चढवावा तसं. वेळ खात होता तो ठोकळा. नॉर्थ्रप यांनी ठोकळाच काढून टाकला. सिलिकॉनच्या चकतीत चिमुकली कुपी कोरली आणि तिच्या पातळ भिंतीवरच हीटर बसवला. १९९३ मध्ये योकोहामाच्या परिषदेत त्यांनी ही चिप मांडली. म्युलिस यांना नोबेल मिळालं तेही त्याच वर्षी. १९९६ मध्ये नॉर्थ्रप आणि सहकाऱ्यांनी ‘सेफिड’ ही कंपनी काढली.

पुढे या तंत्राला मोठं गिऱ्हाईक मिळालं, ते मात्र रोग्यांमुळे नव्हे.

२००१च्या शरद ऋतूत अमेरिकेत टपालातून अँथ्रॅक्स या जीवघेण्या रोगाच्या जंतूंची भुकटी फिरली. २२ जणांना लागण झाली, ५ दगावले. त्यांतले दोघे वॉशिंग्टनच्या ब्रेंटवुड टपाल केंद्रातले कामगार. त्यांनी पाकिटं उघडलीही नव्हती. छाननी यंत्रात दाबली जाताना त्यांतून भुकटी हवेत उडाली होती. हादरलेल्या टपाल खात्याने आपल्या केंद्रांत हवा शोषून तपासणारी यंत्रणा बसवली. तिच्या पोटात सेफिडचं ‘जीनएक्सपर्ट’ होतं. त्यात सिलिकॉनच्या जागी पातळ प्लॅस्टिकची नळी आली होती, पण तत्त्व तेच: हवं तेवढंच तापवा. शिवाय नमुना धुणं, जंतू फोडणं, डीएनए वेगळा करणं हे सगळं एका बंद काडतुसात आपोआप व्हायचं. तज्ज्ञ नको, टपाल कामगार पुरे.

आणि क्षय? रॉबर्ट कॉख यांनी त्याचा जंतू १८८२ मध्ये दाखवला. त्यानंतर सव्वाशे वर्षं गरीब देशांतला रोगी थुंकीची डबी घेऊन सूक्ष्मदर्शकापुढेच उभा होता. सूक्ष्मदर्शकातून कितीतरी रोगी निसटायचे. जंतू वाढवून पाहायचा तर आठवडे जायचे. पत्रातल्या भुकटीने ५ माणसं मारली, क्षय दरवर्षी दहा लाखांहून अधिक मारत होता. तरी यंत्र आधी पोचलं ते टपाल खात्यात. हे मला अजूनही पचत नाही.

संशोधक डेव्हिड ॲलंड यांच्या गटाने आणि ‘फाइंड’ या संस्थेने सेफिडच्या साथीने तेच काडतूस क्षयासाठी वळवलं. १,७३० रोग्यांवर चाचणी झाली. लिमा, बाकू, केपटाउन, डर्बन आणि आपल्या मुंबईत, हिंदुजा रुग्णालयात. दोन तासांच्या आत जंतू सापडत होता आणि रिफाम्पिसिन हे क्षयावरचं मुख्य औषध त्याला लागू पडणार की नाही तेही कळत होतं. निष्कर्ष सप्टेंबर २०१० मध्ये छापून आले. डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेची संमती. इतकी घाई ती क्वचितच करते.

मात्र यंत्राला अखंड वीज हवी होती, आणि ३० अंशांखालची खोली. मे महिन्यातल्या मराठवाड्यात ही अट वाचून हसूच यावं.

उत्तर पुन्हा चिपमध्येच सापडलं. बंगळूरच्या ‘बिगटेक’मध्ये चंद्रशेखर नायर यांचा गट २०००च्या दशकापासून सूक्ष्म पीसीआरवर झटत होता. गोव्याच्या ‘ट्यूलिप’ समूहाशी त्यांनी हात मिळवला, ‘मोलबायो’ उभी राहिली आणि वेर्ण्यात ‘ट्रूनॅट’च्या चिप बनू लागल्या. यंत्र बॅटरीवर चालतं, रसायनं चिपवर आधीच वाळवलेली असतात. थुंकीतून डीएनए वेगळा करायचा, थेंबभर चिपवर सोडायचा, तासाभरात निकाल. २०१३ मध्ये हिंदुजाच्याच प्रयोगशाळेने त्याची परीक्षा घेऊन निष्कर्ष प्रसिद्ध केले. पण मोठी चाचणी भारत, इथिओपिया, पेरू, पापुआ न्यू गिनी अशी फिरून आली आणि जागतिक संमतीला २०२० उजाडलं.

२०२०! एप्रिलमध्ये आयसीएमआरने ट्रूनॅटला करोनाच्या तपासणीसाठी परवानगी दिली, आणि क्षयासाठी मांडलेल्या यंत्रांत नव्या विषाणूच्या चिप सरकल्या. यंत्रं ठिकठिकाणी आधीच होती, म्हणून तपासण्या झटपट सुरू झाल्या, हे खरंच. पण देशात नोंदवलेले क्षयरोगी २०१९ मध्ये २४ लाखांच्या घरात होते, ते २०२० मध्ये १८ लाखांवर आले. टाळेबंदी, बंद ओपीडी, दुसरीकडे वळवलेली माणसं आणि यंत्रं. रोग काही ओसरला नव्हता. लाखो रोगी तपासणीपर्यंत पोचलेच नाहीत.