टेलिफोनच्या तारेचा सांधा

लँडलाइनवर खरखर सुरू झाली की दोष बऱ्याचदा फोनमध्ये नसून तारेच्या सांध्यात असतो. लाइनला तांब्याच्या दोनच तारा लागतात, जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. दुसऱ्या खोलीत एक्स्टेन्शन न्यायचे तर याच तारांना फाटा काढतात. तारा सोलून पीळ द्यायचा आणि वर चिकटपट्टी गुंडाळायची, हा सर्रास चालणारा प्रकार. तो चालतोही, पावसाळ्यापर्यंत! दमट हवेत तांबे काळवंडते, सांध्याचा रोध वाढतो. बोलणे कसेबसे चालते, पण त्याच तारेवरचे ब्रॉडबँड तुटत राहते.

त्यापेक्षा जेली भरलेला कनेक्टर बरा. नखाएवढ्या या डबीत तार न सोलताच शेवटपर्यंत सरकवायची, पारदर्शक बाजूने ती टेकल्याचे पाहायचे आणि बटण दाबायचे. आतली धातूची खाच आवरण कापून तांब्याला घट्ट धरते, जेली ओल रोखते. दोन तारांना 'यूवाय', तीन तारांना लाल बटणाचा 'यूआर'. दाबायला समांतर जबड्यांची पक्कड हवी. साध्या पकडीने बटण तिरके बसते आणि एखादी तार सैल राहते. एकदा दाबलेला कनेक्टर पुन्हा वापरायचा नाही. चुकले तर कापून नवा लावायचा. स्वस्त वस्तू आहे.

फोनच्या टोकाचा आरजे-११ प्लग मात्र क्रिंपिंग टूलनेच बसवतात. काम करताना लाइन सोडवलेली बरी: एरवी तिच्यावर सुमारे 48 व्होल्ट असतात, पण घंटी वाजताना दाब बराच वाढतो आणि झटका चांगलाच जाणवतो.