नावडती भेट, आवडती माणसे

मे महिन्यातील संध्याकाळ. डोंबिवलीतील एका घरात सात वर्षांच्या मुलाचा वाढदिवस साजरा होत होता. औक्षण झाले, केक कापून झाला आणि जमलेल्या बालगोपाळांच्या आग्रहाखातर भेटवस्तू सर्वांसमक्ष उघडण्याचे ठरले. रिमोटवर चालणारी मोटार निघाली, चित्रकलेचे साहित्य निघाले, एकसारख्या दोन कंपासपेट्या निघाल्या. मग मावशीआजींचे पुडके उघडले. त्यात हाताने विणलेला लोकरीचा स्वेटर होता. मुलाने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ''पण मला तर स्केट्स हवे होते!''

क्षणभर सगळे गप्प झाले. त्यानंतर जे घडले ते अधिक वाईट होते. आई सर्वांदेखत मुलावर ओरडली, ''असं बोलतात का मोठ्यांना? आधी सॉरी म्हण!'' मुलगा रडू लागला. मावशीआजी कसनुसे हसत, ''अगं असू दे, लहान आहे तो,'' असे म्हणत राहिल्या. पण त्यांचा चेहरा उतरला होता. मुलाच्या वाक्याने त्यांना एकदाच वाईट वाटले असते. आईच्या रागावण्याने मात्र त्यांची भेट नावडती ठरल्याची जाहीर वाच्यता झाली आणि मुलाच्या अश्रूंचे कारणही आपणच, हे ओझे त्यांच्या माथी आले.

असा प्रसंग थोड्याफार फरकाने बहुतेक घरांत घडतो. नको असलेली भेट कशी स्वीकारावी, हा प्रश्न वरवर किरकोळ वाटतो. प्रत्यक्षात मुलाचा प्रामाणिकपणा आणि दुसऱ्याचे मन, या दोन्ही मोलाच्या गोष्टी तेथे समोरासमोर उभ्या असतात. एकीसाठी दुसरीचा बळी न देता मार्ग कसा काढायचा, हे मुलाला कोणीतरी शिकवावे लागते.

मूल उद्धट असते का?

या प्रश्नाचा मानसशास्त्रज्ञांनी बराच विचार केला आहे. अमेरिकी संशोधिका कॅरोलिन सार्नी यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात प्राथमिक शाळेतील मुलांना एका कामाबद्दल आधी चांगली भेट देण्यात आली आणि पुढच्या वेळी तान्ह्या बाळाला शोभेल असे कंटाळवाणे खेळणे देण्यात आले. वयाने मोठ्या मुलांनी, विशेषतः मुलींनी, चेहरा बऱ्यापैकी सावरला. लहान मुलांची, त्यातही मुलग्यांची निराशा लपली नाही. पामेला कोल यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात त्याहून लहान, म्हणजे तीन-चार वर्षांच्या मुलीही होत्या. भेट देणारी व्यक्ती समोर असताना त्या नाराजी हसण्याआड झाकत आणि ती व्यक्ती निघून गेल्यावर त्यांचा खरा भाव चेहऱ्यावर उमटे.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. चेहरा सावरण्याची क्षमता मुलांत फार लवकर अंकुरते. पण ती पक्की व्हायला अनेक वर्षे लागतात. शिवाय समोरच्या माणसाच्या मनात आपल्यापेक्षा वेगळे काही चालले असेल, ही जाणीवही साधारण चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सुमारास स्थिरावू लागते. 'मला हे नको' आणि 'मावशीआजींना वाईट वाटेल' हे दोन्ही विचार एकाच क्षणी मनात धरणे सात वर्षांच्या मुलाला जड जाते. त्यातून तो दमलेला, भुकेलेला आणि वीस जणांच्या नजरांखाली असेल तर विचारायलाच नको. त्याच्या तोंडून निघते ते बहुधा निराशेचे बोल असतात; त्यांत अपमानाचा हेतू नसतो.

मग खोटे बोलायला शिकवायचे का?

अनेक पालकांना येथे खरी अडचण वाटते. एरवी 'खरे बोल' म्हणून बजावायचे आणि वाढदिवशी 'आवडलं म्हणून सांग' असा आग्रह धरायचा, ही विसंगती मुलांच्या नजरेतून सुटत नाही. व्हिक्टोरिया टलवार व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांना भेट म्हणून चक्क साबणाची वडी दिली होती. बहुतेक मुलांनी देणाऱ्याला ती आवडल्याचेच सांगितले आणि पालकांनी तसे सुचवले तेव्हा शाळकरी मुलांत हे प्रमाण वाढले. म्हणजे सौजन्यापोटी बोललेले असत्य मुले शिकतात आणि आपणच त्यांना ते शिकवतो.

मात्र त्याहून सरळ एक वाट आहे. आभार आणि स्तुती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 'मला हे खूप आवडलं' ही वस्तूची स्तुती झाली. ती खोटी असू शकते. 'तुम्ही माझ्यासाठी आणलंत, थँक्यू' हे आभार झाले. ते नेहमी खरे असतात. देणाऱ्याने आपली आठवण ठेवली, दुकानात जाऊन वेळ घालवला, लोकलच्या गर्दीतून पुडके सांभाळत आणले. वस्तू पसंत पडो अथवा न पडो, या गोष्टी घडलेल्या असतातच. मुलाला त्यांच्याकडे बोट दाखवून दिले की त्याला खोटे बोलावे लागत नाही.

आपल्या कथांतही हीच शिकवण आहे. सुदामा श्रीकृष्णाच्या भेटीला गेला तेव्हा द्वारकेचे वैभव पाहून त्याला आपली पोह्यांची पुरचुंडी लपवावीशी वाटली. ती श्रीकृष्णानेच ओढून घेतली आणि आवडीने पोहे खाल्ले. द्वारकेत पोह्यांची वाण नव्हती. संकोचलेल्या मित्राची लाज राखणे, हे त्या स्वीकारातले खरे सौजन्य होते. ही गोष्ट मुलांना सांगताना आपण बहुधा देणाऱ्याच्या भक्तीवर भर देतो. घेणाऱ्याच्या रीतीकडेही एकदा लक्ष वेधावे.

तयारी आधी, उपदेश नंतर

प्रसंग उद्भवल्यावर शिकवण्यापेक्षा आदल्या दिवशी पाच मिनिटे घालवणे अधिक फलदायी ठरते. 'उद्या एखादी भेट तुझ्याकडे आधीच असेल, एखादी आवडणार नाही. तेव्हा काय म्हणशील?' असे विचारावे आणि खेळ म्हणून त्याचा सराव करावा. आईने जुना मोजा कागदात गुंडाळून द्यावा, मुलाने तो गंभीरपणे स्वीकारावा; हसत खेळत धडा होतो. तीन पायऱ्या पुरेशा आहेत: देणाऱ्याकडे पाहणे, नाव अथवा नाते घेऊन आभार मानणे आणि वस्तूविषयी एखादी खरी गोष्ट बोलणे किंवा प्रश्न विचारणे. 'रंग किती गडद आहे!' किंवा 'हे तुम्ही स्वतः केलंत?' एवढे पुरते. 'हे माझ्याकडे आहे' हे वाक्य मात्र त्या वेळी गिळायचे, कारण ते खरे असले तरी देणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो.

आणखी एक साधा उपाय म्हणजे भेटी पाहुण्यांसमोर न उघडणे. मिळालेले पाकीट तेथल्या तेथे फोडून पाहणे आपल्याकडे पूर्वी अशिष्ट मानले जाई. त्या संकेतामागे शहाणपण होते. घेणाऱ्याला चेहरा सावरावा लागत नसे आणि देणाऱ्यांची परस्परांशी तुलना होत नसे. पाहुणे गेल्यावर शांतपणे भेटी उघडाव्यात, कोणी काय दिले ते लिहून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी मुलाने स्वतः फोन करावा.

आणि तरीही मुलाच्या तोंडून नको ते निघालेच तर? पालकाने मुलाच्या खांद्यावर हात ठेवून स्वतः आभार मानावेत: 'मावशी, तू एवढं विणलंस, किती दिवस लागले गं?' संभाषण पुढे न्यावे. मुलाशी बोलायचे ते नंतर, एकांतात आणि निराशा मान्य करूनच. 'तुला स्केट्स हवे होते, वाईट वाटणं साहजिक आहे. आजींना काय वाटलं असेल?' या क्रमाने.

पाहुणे गेल्यावर

मुलांचे खरे शिक्षण बहुधा पाहुणे गेल्यानंतर होते. दार लागले की मोठ्यांची समीक्षा सुरू होते. 'त्यांच्या मुलाला आपण पाचशेचं दिलं होतं, त्यांनी हे दिलं!' 'कुणीतरी दिलेलंच पुढे सरकवलेलं दिसतंय.' मुले हे सारे ऐकत असतात. दिवसभर सौजन्याचे पाठ द्यायचे आणि रात्री वस्तूंच्या किमती लावायच्या, यातले मुलांच्या लक्षात राहते ते दुसरेच. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९२५ मधील आपल्या प्रसिद्ध निबंधात दाखवून दिले की, भेट ही कधीच निव्वळ वस्तू नसते. देणे, स्वीकारणे आणि परत देणे या तीन बंधनांनी ती माणसांना बांधते. आपल्या घरांतील आहेराची वही हे त्याचेच रूप. ही वही परतफेडीचे भान राहावे म्हणून असते. तिचा उपयोग माणसांची पत मोजण्यासाठी होऊ लागला की मुलेही तेच मोजमाप शिकतात.

नको असलेल्या वस्तूचे पुढे काय करायचे, हाही प्रश्न उरतोच. आभार मानले म्हणजे ती वस्तू आयुष्यभर माळ्यावर जपून ठेवण्याचे वचन दिले असे होत नाही. न उघडलेली, चांगल्या स्थितीतील वस्तू जवळच्या बालवाडीला, टॉय लायब्ररीला वा गरजू मुलाला देता येते. दुसऱ्याला भेट म्हणूनही देता येते. मात्र त्याच मित्रपरिवारात नव्हे, आणि आतील नावाची चिठ्ठी काढून! पण यात मुलाची संमती घ्यावी. वस्तू त्याची आहे. परस्पर विल्हेवाट लावली तर 'भेटीची किंमत नसते' असा उलटाच धडा मिळतो.

सुरक्षिततेबाबत मात्र भीड धरू नये. तीन वर्षांखालील मुलांना लहान सुटे भाग असलेली खेळणी देऊ नयेत. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या गिळल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते, म्हणून त्यांचे झाकण स्क्रूने घट्ट बसलेले आहे ना, हे पाहावे. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक झाले आहे. ते नसलेले खेळणे आभार मानून स्वीकारावे आणि मुलाच्या हाती न देता बाजूला ठेवावे. बंदुकीसारखे खेळणे घरात नको असे आपले मत असेल, तर तेही देणाऱ्यासमोर व्याख्यानरूपाने मांडू नये. जवळच्या नातेवाइकांना पुढच्या वर्षी आधीच सांगता येते. कोणी आपणहून 'काय आणू?' असे विचारले, तर संकोच न करता माफक किमतीचे एखादे पुस्तक सुचवावे. त्यात देणाऱ्याचीही सोय होते.

डोंबिवलीच्या त्या मुलाने दुसऱ्या दिवशी आईने सांगितल्यावरून मावशीआजींना फोन केला. स्वेटर आवडल्याचे त्याने सांगितले नाही. ''याच्यावरची होडी कशी विणली?'' एवढेच विचारले. पलीकडून मावशीआजी बराच वेळ सुया, टाके आणि लोकरीच्या रंगांविषयी बोलत राहिल्या. स्वेटर कपाटातच राहिला. डोंबिवलीत त्याला थंडी कुठून मिळणार? पण पुढच्या वाढदिवसाच्या महिनाभर आधी मावशीआजींचाच फोन आला, ''तुला काय हवंय रे या वेळी?''