गच्चीवरची कोजागरी

'शेजारधर्म' हा आपल्या भाषेतला मोठा गमतीचा शब्द आहे. शेजार या साध्या घरगुती शब्दाला आपल्या पूर्वजांनी एकदम धर्म जोडून टाकला; आणि नवल असे की, या धर्मात शेजाऱ्याची जात, भाषा किंवा देव विचारण्याची सोयच ठेवली नाही! मात्र चाळीतून ब्लॉकमध्ये आणि ब्लॉकमधून टॉवरमध्ये जाता जाता हा धर्म आपण कुठेतरी जिन्यावर विसरलो. दही पिशवीतून येऊ लागले आणि विरजणाची वाटी घेऊन शेजारी जाणे संपले. समोर तामीळ कुटुंब राहते की बंगाली, हे दारावरच्या पाटीवरून कळते आणि परिचय तेवढ्यावरच थांबतो.

संकट आले म्हणजे मात्र दारे उघडतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हा मुंबईकरांनी ओळखदेख नसलेल्यांना घरात घेतले, चहा-बिस्किटे दिली. २०२० च्या टाळेबंदीत एकट्या राहणाऱ्या कित्येक वृद्धांची औषधे शेजाऱ्यांनीच आणून दिली. तरीही ज्याचे नावसुद्धा ठाऊक नाही, त्याचे दार मध्यरात्री ठोठावताना हात अडखळतोच. तो अडखळू नये, म्हणून वर्षातून एकदा तरी सर्वांनी मिळून बसावे.

त्याला कोजागरीसारखा मुहूर्त नाही. त्या रात्री आपल्याकडे मसाल्याचे दूध आटते. गुजराती घरी दूध-पौंवा चांदण्यात ठेवतात. बंगाली गृहिणी लक्ष्मीची पावले रेखून नारळाचे नाडू वळते. मिथिलेत नव्या जावयाकडे सासुरवाडीहून मखाणे आणि विडे येतात. ओडिशात कुमारिका चंद्राला पूजतात. जैनांची आयंबिल ओळी याच पौर्णिमेला पुरी होते, बौद्ध भिक्खूंचा वर्षावास याच दिवशी संपतो. ईद चंद्रकोरीवर ठरते आणि ईस्टरचा रविवार पौर्णिमेवरून. तेव्हा चंद्र कोणालाच परका नाही!

पण 'या हो दुधाला' एवढ्याने भागत नाही. आपण यजमान आणि बाकीचे पाहुणे असा थाट झाला, की पाहुणे दूध पिऊन, आभार मानून चालते होतात. म्हणून वर्गणी नको. प्रत्येक घराने आपला एक पदार्थ आणि दोन हात आणावेत. फोनवरच्या निरोपापेक्षा दारी जाऊन बोलवावे. भाडेकरूला आणि रखवालदाराच्या कुटुंबालाही बोलवावे. आणि त्यांना वाढायला नव्हे, पंगतीला बसवावे. अनेक जैन मंडळी सूर्यास्तानंतर काही घेत नाहीत, म्हणून फराळ उजेडीच उरकावा आणि गप्पांना चांदणे ठेवावे. प्रत्येक भांड्यापुढे आत काय आहे त्याची चिठ्ठी असावी; कांदा-लसूण न खाणाऱ्याला किंवा मधुमेह्याला चारचौघांत विचारावे लागू नये. सामिष ठेवायचे की नाही, हे सर्वांनी बसून ठरवावे; एकाच्या सोवळ्याचा हुकूम दुसऱ्याच्या ताटावर चालू नये. आणि भाषणे? ती मुळीच नकोत!

बोलायचे काय, असा प्रश्न पडला तर मधे पोह्यांची परात ठेवावी. आपले पोहे गुजरातीत पौंवा, कानडीत अवलक्की, तामिळीत अवल, तेलुगूत अटुकुलु आणि बिहारात चूडा होतात. 'आमच्याकडे हे असे करतात' असे एका गृहिणीने म्हटले, की दुसरी पुढे सरसावते. तोवर मुले एकमेकांच्या भाषेतले आकडे मोजू लागलेली असतात.

यंदाची कोजागरी हुकली असेल, तर हळहळू नये. दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी त्रिपुरी पौर्णिमा येते. गुरू नानकांची जयंतीही त्याच दिवशी असते. गच्ची तीच, चंद्रही तोच; किल्ली कोणाकडे आहे, तेवढे विचारून ठेवावे.